व्हिसासाठी पैसे दाखवायचे म्हणजे नक्की काय दाखवायचं?

अलकापुरी, फतेहगंज, सयाजीगंज. बडोद्याच्या या भागांत परदेशी शिक्षणाच्या पाट्याच पाट्या दिसतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांपासून मांजलपूरच्या सोसायट्यांपर्यंत आता एक प्रश्न सारखा ऐकू येतो: "फंड किती दाखवायला लागतो हो?" उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मिळतं. कुणी पंचवीस लाख सांगतं, कुणी चाळीस. मग घर त्या आकड्याच्या मागे लागतं. एफडी मोडतात, मामाकडून थोडे येतात, सोन्यावर कर्ज काढतात आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात सगळं बाबांच्या खात्यात गोळा होतं. अर्ज नाकारला जातो तेव्हा घरच्यांना खरोखर कळत नाही की पैसे होते, तरी कमी कुठे पडलं.

मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षं काढली. तिथे बसून एक गोष्ट पक्की समजली: आकडा हा प्रश्नाचा एक भाग झाला. कागद तपासणारा अधिकारी आणखी तीन गोष्टी बघतो. पैसे कुणाचे आहेत, किती दिवसांपासून आहेत आणि उद्या काढायचे म्हटलं तर काढता येतील का. कोणता देश यातल्या कोणत्या गोष्टीवर जोर देतो, त्यावर सगळी तयारी अवलंबून असते. म्हणून देश ठरण्याआधी "फंड" जमवायला घेणं म्हणजे बरीचशी मेहनत वाया घालवणं.

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण सर्वांत काटेकोर नियम तिथलेच आहेत आणि ते नीट समजले की बाकीचे सोपे जातात.

ब्रिटन दोन रकमा मिळवून बघतं. पहिल्या वर्षाची जी फी अजून भरायची आहे ती, आणि राहण्याखाण्याचा खर्च. राहण्याचा खर्च सरकारच ठरवून देतं. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिन्याला १,५२९ पाउंड आणि लंडनबाहेर १,१७१ पाउंड. तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा दाखवावा लागतो, अभ्यासक्रम त्याहून लांब असला तरी. ही रक्कम वाढत जाते, त्यामुळे शेजारच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी दाखवलेला आकडा आपल्या उपयोगाचा नाही. ती ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर बघावी.

हिशेब मांडून बघू. समजा मुलगी लेस्टरला एमएस्सीला चालली आहे. फी १६,००० पाउंड, त्यातले ६,००० डिपॉझिट म्हणून भरले. उरले १०,०००. राहण्याचे नऊ महिन्यांचे १,१७१ प्रमाणे १०,५३९. एकूण २०,५३९ पाउंड. पाउंड १२० रुपयांना धरला तर २४ लाख ६४ हजार ६८०. पण पाउंड तीन रुपयांनी वर गेला की याच रकमेत ६१ हजारांहून जास्त भर पडते. म्हणून काठावरची शिल्लक ठेवू नये. निदान दोन लाख वर असू द्यावेत. भरलेलं डिपॉझिट विद्यापीठाने पाठवलेल्या 'कॅस'वर, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या प्रवेशाच्या दाखल्यावर, नोंदलेलं आहे ना, हे आधी तपासायचं. नोंद नसेल तर पावती हाताशी ठेवायची आणि विद्यापीठाला मेल करून कॅस दुरुस्त करून घ्यायचं.

आता दिवस. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधी ३१ दिवसांच्या आतला हवा. म्हणजे १३ जून ते १० जुलै असं स्टेटमेंट असेल तर अर्ज १० ऑगस्टच्या आत भरायला हवा. या २८ पैकी एकाही दिवशी शिल्लक गरजेपेक्षा खाली गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सरासरी शिल्लक इथे बघत नाहीत.

इथेच सर्वांत जास्त घरं अडकतात, आणि कारणं किती साधी असतात ते बघा. बाबांच्या खात्यातून विम्याचा हप्ता आपोआप कापला जातो. घराच्या कर्जाचा ईएमआय जातो. आई त्याच खात्याच्या यूपीआयवरून दुधाचे पैसे देते. काही बचत खात्यांना ऑटो स्वीप असतं: ठरावीक रकमेच्या वरचे पैसे बँक स्वतःहून एफडीत वळवते. घरात सगळ्यांना वाटतं पंचवीस लाख खात्यात आहेत आणि बचत खात्याचं स्टेटमेंट छापलं की शिल्लक दिसते पन्नास हजार. पैसे कुठेही गेलेले नसतात, पण स्वीपच्या ठेवींचा कागद सोबत नसेल तर अधिकाऱ्याला ते दिसणार कसे? माझा सल्ला सरळ आहे. या कामासाठी एक वेगळं खातं ठेवा. त्यावर यूपीआय नको, हप्ते नकोत, स्वीप नको.

पैसे कुणाचे, यातही ब्रिटन अगदी स्पष्ट आहे. विद्यार्थ्याचं स्वतःचं खातं किंवा आईवडिलांचं, कायदेशीर पालक असतील तर त्यांचं. संयुक्त खातं चालतं, त्यात यांपैकी कुणाचं तरी नाव हवं. आजोबांचं खातं, मामाचं खातं, काकांच्या पेढीचं चालू खातं हे काही चालत नाही, मामाने कितीही मनापासून पत्र लिहून दिलं तरी. मामाला मदत करायचीच असेल तर त्याने पैसे बँकेतून भाच्याच्या किंवा बहिणीच्या खात्यात घालावेत आणि २८ दिवस त्यानंतर मोजावेत. आपल्याकडच्या प्राप्तिकर कायद्यात आजोबा, मामा, काका, मावशी, आत्या यांनी दिलेली भेट करमुक्त आहे, तेव्हा त्याची भीती नको. एका साध्या कागदावर भेटपत्र करून ठेवावं. रोखीने मात्र काही करू नये. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली तर बँक ती आयकर खात्याला कळवते, आणि व्हिसा अधिकाऱ्यालाही रोखीच्या भरण्याचा माग लावता येत नाही.

एफडी चालते, अट एवढीच की ती मोडून पैसे लगेच हातात घेता आले पाहिजेत. शेअर, रोखे, निवृत्तिवेतनाचा फंड हे ब्रिटन धरत नाही. पीपीएफला पंधरा वर्षांची मुदत, ते मधेच सगळं काढता येत नाही. घर, जमीन, सोनं यांना इथे किंमत शून्य. सीएकडून करून घेतलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट पाहायला फार भारदस्त असतं, त्यात गोत्रीचा फ्लॅट आणि आईचे दागिने सगळं असतं. पण ब्रिटनसाठी त्या कागदावर पैसे खर्च करू नका.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट लागत नाही, आणि म्हणूनच मध्यमवर्गीय घराला हा रस्ता पुष्कळदा जास्त सुरक्षित असतो. बँकेचं मंजुरीपत्र, ज्याला सगळे सँक्शन लेटर म्हणतात, सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं. त्यावर रक्कम हवी आणि पैसे प्रवासाआधी मिळतील किंवा थेट विद्यापीठाला जातील हे दिसलं पाहिजे. वडिलांनी स्वतःच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढलं असेल तर ते शैक्षणिक कर्ज म्हणून धरलं जात नाही. ते पैसे खात्यात येतील, आणि मग २८ दिवस आलेच.

कर्जाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बडोद्याच्या घरांची खरी अडचण इथे आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. परदेशी शिक्षणाला तेवढे पुरत नाहीत. वरच्या रकमेला सरकारी बँक सहसा तारण मागते. खासगी वित्तकंपन्या विनातारण देतात, पण व्याज जास्त लावतात. तारण म्हणून घर पुढे येतं. आणि जुन्या मराठी घरात हे घर कुणाच्या नावावर असतं? पणजोबांच्या. वारसनोंद झालेली नसते. एक काका पुण्याला, एक आत्या ग्वाल्हेरला, सगळ्यांचा हिस्सा त्यात. बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांचं टायटल तपासतो, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागतो, आणि तिथे गाडी महिनोन्‌महिने थांबते. सप्टेंबरच्या प्रवेशाचं पत्र मार्चमध्ये आलं आणि वारसनोंद एप्रिलमध्ये सुरू केली तर वेळेत कर्ज होईल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मूल तिसऱ्या वर्षाला असतानाच घराचे कागद नीट करून घ्यावेत. कर्ज नाही काढलं तरी ते काम कधीतरी करायचंच आहे.

आणखी एक. त्या नमुना योजनेत परदेशी शिक्षणासाठी बँक साधारण ८५ टक्के देते, १५ टक्के घरचे घालायचे असतात. याला मार्जिन म्हणतात. गरज २४ लाखांची आणि मंजुरी २० लाखांची असेल तर उरलेले चार लाख रोख शिल्लक म्हणून २८ दिवस दाखवावेच लागतात. हे चार लाख विसरून नुसतं मंजुरीपत्र जोडणारी मंडळी मी पाहिली आहेत.

मंजुरीपत्र हातात पडलं की घरात पेढे वाटतात. त्याच दिवशी एक आकडेमोडही करावी. २५ लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के, शिक्षण आणि सवलतीचा काळ मिळून दोन वर्षं हप्ता नाही. त्या दोन वर्षांचं सरळ व्याजच पाच लाख होतं. मग ३० लाखांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला जवळपास ३९,६०० रुपये. परदेशात नोकरी नाही लागली आणि मूल परत आलं तर बडोद्यातल्या पहिल्या पगारातून हा हप्ता निघेल का? व्हिसा अधिकारी हे विचारणार नाही. आपण विचारायला हवं.

जर्मनीने हा सगळा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे स्पेरकोंटो, म्हणजे अडवून ठेवलेलं खातं उघडतात. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे. मूल तिथे पोचलं की दरमहा ९९२ युरो त्याच्या खात्यात येतात, एकदम सगळे काढता येत नाहीत. २८ दिवस नाहीत, स्टेटमेंटची भानगड नाही. शिवाय बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही; बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही फी सुरू केली आहे. व्हिसा नाकारला तर अडवलेले पैसे परत मिळतात. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण दाखवलेले पैसे हेच खर्चायचे पैसे असतात. फक्त त्याआधी दिल्लीच्या एपीएसचं, म्हणजे आपल्याकडची शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र मिळवायला वेळ लागतो, तो धरून चला.

कॅनडातही अशी सोय आहे: जीआयसी. तिथल्या बँकेत रक्कम ठेवायची, पोचल्यावर काही भाग मिळतो, बाकीचा हप्त्याहप्त्याने. क्वेबेक सोडून इतरत्र एका विद्यार्थ्याला वर्षाच्या राहण्याचे २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२५ पासूनचा आहे. २०२३ अखेरपर्यंत तो फक्त १०,००० होता, त्यामुळे जुन्या माहितीवर चाललेली घरं इथे फसतात. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. लवकर निकाल देणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्यानंतर जीआयसी सक्तीची राहिली नाही, कर्ज किंवा चार महिन्यांची बँक स्टेटमेंटही चालतात. तरी मी जीआयसीच करायला सांगेन, अधिकाऱ्याला त्यात शंका घ्यायला जागा कमी उरते.

ऑस्ट्रेलियात राहण्याचे वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, अधिक वर्षाची फी, अधिक प्रवास. तिथे पैसे कुठून आले हे खोलात जाऊन बघतात. आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न ८७,८५६ ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचे कराचे कागद दिले तरी चालतात, पण आपल्याकडच्या पगारात ते थोड्यांनाच जमेल.

अमेरिकेत सरकारने ठरवलेला एक आकडा नाही. विद्यापीठ आय-२० नावाच्या कागदावर एका वर्षाचा पूर्ण खर्च लिहितं, तो आपला आकडा. मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते, पुष्कळदा दोन-तीन मिनिटांची. तिथे कागदांपेक्षा मुलाचं बोलणं महत्त्वाचं. "खर्च कोण करणार?" या प्रश्नाला मुलाने स्वतः, न अडखळता सांगता आलं पाहिजे: बाबा जीएसएफसीतून निवृत्त झाले, त्यांच्या ग्रॅच्युइटीतून इतके, कर्ज इतक्याचं, उरलेले आजीच्या एफडीतून. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं. घरात पैशाचं बोलणं मुलांसमोर करायचं नाही ही आपली जुनी सवय. या बाबतीत ती मोडावी.

याच शहराची एक गोष्ट इथे आठवते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली: दरमहा साडेअकरा पाउंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. देणारा कोण, किती देणार, किती काळ देणार आणि कोणत्या अटीवर, हे सगळं त्यात आलं. आज नातेवाईक किंवा संस्था खर्च उचलणार असेल तर तिच्या पत्रातही नेमकं हेच यायला हवं. "आम्ही सर्व खर्च करू" एवढ्या एका ओळीच्या पत्राला कुणी विचारत नाही.

आता ज्या विषयावर कळकळीने बोलावंसं वाटतं तो. "तुम्ही काळजी करू नका, फंडची व्यवस्था आम्ही करतो" असं सांगणारे लोक शहरात आहेत. कुणा सावकाराचे पैसे महिनाभर तुमच्या खात्यात येतात, व्याज आगाऊ कापलं जातं, स्टेटमेंट निघालं की पैसे परत जातात. काही जण तर स्टेटमेंटच बनावट करून देतात. अधिकारी बँकेकडे थेट चौकशी करू शकतो. खोटं उघडं पडलं तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं, कॅनडा पाच वर्षं, ऑस्ट्रेलिया तीन वर्षं, आणि अमेरिका कायमचं. ही शिक्षा एजंटला होत नाही, बावीस वर्षांच्या मुलीला होते.

आणि समजा उघड झालंच नाही, व्हिसा मिळाला. मग मुलगी परक्या शहरात उतरते आणि तिच्याजवळ काहीच नसतं. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. त्या कमाईत भाडं आणि फी दोन्ही निघत नाहीत, मग ती नियमाबाहेर रोखीने काम करू लागते, आणि एकदा पकडली गेली की शिक्षणही जातं. दाखवायला सांगितलेली रक्कम ही तिथे जगायला लागणारी कमीत कमी रक्कम आहे. ती नसेल तर वर्षभर थांबणं, नोकरी करून पैसे साठवणं किंवा स्वस्त देश निवडणं यात कमीपणा काहीही नाही.

कागदांत नावांचा घोळ हा आपला खास बडोदेकरी त्रास. पासपोर्टवर 'दत्ताजी', बँकेत 'दत्ताजीराव', आधारवर कुणीतरी 'भाई' लावलेलं, आईच्या नावामागे कुठे 'बेन' तर कुठे 'बाई'. वडिलांचं खातं दाखवताना नातं सिद्ध करायला जन्मदाखला जोडावा लागतो. महानगर सेवा सदनचा जुना दाखला गुजरातीत असतो आणि त्यावरचं नाव तिसऱ्याच तऱ्हेचं. इंग्रजी दाखला नव्याने मागावा किंवा अधिकृत भाषांतर करून घ्यावं, बँकेत नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यावं, उरलेल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करावं. ब्रिटनसाठी आईवडिलांचं संमतीपत्रही लागतं, तेही त्याच नावाने.

शेतीचं उत्पन्न असेल तर ते रिटर्नमध्ये करपात्र दिसत नाही, म्हणून सात-बारा आणि मार्केट यार्डाच्या विक्रीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. जमीन विकून पैसे आले असतील तर दस्ताची प्रत. निवृत्तीचे असतील तर कंपनीचं पत्र. प्रत्येक मोठ्या जमेमागे एक कागद, एवढं पाळलं की पुरे.

पैसे प्रत्यक्ष पाठवताना टीसीएस, म्हणजे बँकेने तिथेच वसूल केलेला आगाऊ कर, कापला जातो. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे पैसे असतील तर दहा लाखांवरही नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना करात वळता होतो, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच. त्यामुळे कर भरणाऱ्या पालकाच्या खात्यातून पाठवलेलं बरं. ब्रिटनसाठी व्हिसाची फी आणि विद्यार्थ्यांचा वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य अधिभार हे २८ दिवसांच्या रकमेत येत नाहीत, ते वेगळे काढून ठेवा.

अर्ज नाकारला गेलाच तर पत्र शांतपणे वाचा, कोणत्या नियमाखाली नाकारला ते त्यात लिहिलेलं असतं. अधिकाऱ्याने कागद चुकीचा वाचला असं दिसत असेल तर ब्रिटनमध्ये २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते, पण तिथे नवे कागद जोडून भागत नाही. शिल्लक खरोखरच कमी पडली असेल तर फेरतपासणीत वेळ घालवू नका. विद्यापीठाला कळवून प्रवेश पुढच्या सत्रात नेता येतो का ते विचारा आणि नवे २८ दिवस मोजून नवा अर्ज करा. आरोग्य अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही. विद्यापीठात भरलेल्या डिपॉझिटचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून ते पैसे भरण्याआधीच वाचून घ्यावेत.